तेवीस दिवसांची राखण

हेडसेटवर ‘होल्ड’ हा शब्द आला तेव्हा उलटी मोजणी ४१ मिनिटांवर होती. मी वहीत नायट्रोजनच्या प्रवाहाचा आकडा लिहीत होते, पेन तिथंच थांबलं. खोलीत कुणी काही बोललं नाही. पडद्यावरचं घड्याळ ४१:०० वर उभं होतं, बाहेर पॅडवर रॉकेट उभं होतं आणि त्याच्या टोकाच्या कवचात आमचा उपग्रह होता. वीस मिनिटांनी कळलं की रॉकेटच्या इंधनवाहिनीवरचा एक सेन्सर बाकीच्या सेन्सरांशी न जुळणारा दाब दाखवतोय. आणखी तासाभराने त्या दिवसाचं उड्डाण रद्द झालं.

त्या रात्री आईचा फोन आला. “म्हणजे आता नवी तारीख येईपर्यंत सुट्टी का तुम्हाला?” तिने अगदी सहज विचारलं होतं. मी “नाही गं” एवढंच म्हणाले, कारण पॅनेलवरचा पुढचा आकडा घ्यायची वेळ झाली होती. नंतर बऱ्याच जणांनी हाच प्रश्न विचारला. त्याचं नीट उत्तर द्यायचं राहूनच गेलं होतं, म्हणून हे लिहायला घेतलं. आमचं उड्डाण पहिल्या तारखेपेक्षा २३ दिवस उशिरा झालं, आणि माझ्या आजवरच्या नोकरीतलं सगळ्यात कसोटीचं काम मी त्या २३ दिवसांत केलं.

आमचा पेलोड म्हणजे एक कॅमेरा. जमिनीचे फोटो काढणारी छोटी दुर्बीणच म्हणा. पुढे आरसा, मागे डिटेक्टर आणि दोघांना जोडणारी कार्बन फायबरची नळी. उपग्रहाचा बाकी सगळा पसारा, म्हणजे बॅटरी, सौर पॅनेल, रेडिओ, हे सगळं या कॅमेऱ्याला वर नेऊन जगवण्यासाठी. रॉकेटवर मुख्य प्रवासी दुसरा होता, चांगला मोठा उपग्रह. आम्ही त्याच्याबरोबर जाणारे लहान प्रवासी. त्यामुळे तारीख ठरवताना आमचं मत कुणी विचारत नसे, आणि त्यात गैर काही नव्हतं. गाडी ज्याची, वेळ त्याची.

कार्बन फायबर हलकं असतं, ताठ असतं, तापमान बदललं तरी फारसं आकुंचन-प्रसरण पावत नाही. पण त्यातलं रेझिन, म्हणजे धागे एकत्र धरून ठेवणारा चिकट पदार्थ, हवेतला ओलावा शोषून घेतं. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं, तसंच हे, फक्त काही मायक्रॉनांच्या मापात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जमिनीवर नळी ओलावा पिऊन लांबते, अवकाशातल्या निर्वातात तो ओलावा हळूहळू निघून जातो आणि नळी आखडते. आरसा आणि डिटेक्टर यांच्यातलं अंतर बदललं की फोकस सरकतो. म्हणून कॅमेरा क्लीनरूममधून निघाल्यापासून रॉकेट उडेपर्यंत नळीतून कोरडा नायट्रोजन सतत वाहता ठेवायचा असतो. याला आम्ही ‘पर्ज’ म्हणतो. हा प्रवाह तुटला तर किती वेळ चालेल याचा हिशेब आधीच मांडलेला होता: सगळे खंड मिळून ८ तास. त्याच्या पुढे गेलं तर फोकसच्या गणिताचा भरवसा उरत नाही.

दुसरं घड्याळ बॅटरीचं. रॉकेटच्या कवचात बसलेला आमचा उपग्रह पूर्ण बंद असतो. रॉकेटपासून सुटला की स्विच सुटतात आणि मग तो जागा होतो. मोठ्या उपग्रहाला जमिनीवरून शेवटच्या मिनिटापर्यंत वीज मिळत होती. आम्हाला नायट्रोजनची एक बारीक नळी मिळाली होती, विजेची तार मिळाली नव्हती. लिथियम-आयन बॅटरी बंद अवस्थेतही थोडी थोडी उतरतेच. शेवटच्या चार्जिंगनंतर २१ दिवस, असं आमच्या कागदावर लिहिलेलं होतं. हे शेवटचं चार्जिंग पहिल्या तारखेच्या नऊ दिवस आधी झालं होतं.

पहिली तारीख गेली ती मुख्य प्रवाशामुळे. त्यांना आपल्या एका यंत्रणेची तपासणी पुन्हा करायची होती, चार दिवस हवे होते. असं होतंच. ४ डिसेंबर २०२४ ला युरोपच्या ‘प्रोबा-३’चं श्रीहरिकोटाहून होणारं उड्डाण तासाभरापेक्षा कमी वेळ उरलेला असताना उपग्रहातल्याच अडचणीमुळे थांबलं आणि दुसऱ्या दिवशी झालं. आमचे चार दिवस शांततेत गेले. तो सेन्सरचा ‘होल्ड’ आला तो त्यानंतर. त्याने मात्र सगळंच उलटंपालटं केलं. सेन्सर बदलायचा तर रॉकेट पॅडवरून परत जोडणी इमारतीत न्यावं लागणार होतं. नवी तारीख १७ दिवसांनी पुढची मिळाली.

आता बोटं मोजा. शेवटच्या चार्जिंगपासून ‘होल्ड’पर्यंत १३ दिवस झाले होते. आणखी १७ म्हणजे ३०. बॅटरीची मर्यादा २१.

आमच्या मॅडम, टीममधल्या सगळ्यात अनुभवी, त्या संध्याकाळी बैठकीला आल्या तेव्हा त्यांच्या हातात एकच कागद होता. कवच बंद असताना त्याच्यावरच्या छोट्या दारातून बॅटरी चार्ज करायची लेखी पद्धत. वर्षभरापूर्वी ती लिहायला त्यांनी आम्हाला तीन आठवडे लावले होते. तेव्हा मला वाटलं होतं की जे कधी करावंच लागणार नाही त्याच्यावर आपण केवढा वेळ घालवतोय. त्या कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या आधीच होत्या, म्हणून परवानगी दोन दिवसांत मिळाली. ऐनवेळी लिहायला बसलो असतो तर तो कागद सुरक्षा विभागाच्या टेबलावर पोचेपर्यंतच बॅटरीची मुदत संपली असती.

पण चार्जिंगच्या आधी एक रात्र आली, आणि ती मला विसरता येत नाही.

‘होल्ड’नंतर दोन दिवसांनी रॉकेट इमारतीत परत आलं. प्रवासात नायट्रोजनची नळी काढावी लागते. हे प्रत्येक हलवाहलवीला होत आलं होतं: उपग्रह कवचासह रॉकेटवर चढवताना ४० मिनिटं, पॅडवर जाताना ५०, आता परत येताना ५०. म्हणजे आठ तासांतले २ तास २० मिनिटं खर्च झालेले. संध्याकाळी नळी परत जोडली, प्रवाहमापकाचा गोळा नेहमीच्या रेघेवर येऊन स्थिरावला. चेकलिस्टमध्ये लिहिलं होतं ‘प्रवाह ठरलेल्या मर्यादेत आहे का’. होता. मी सही केली.

पाळी चार तासांची असायची. रात्रीचा आकडा घ्यायला गेले तेव्हा प्रवाह तोच होता, अगदी बिंदूपर्यंत. लिहून वही मिटणार, इतक्यात शेजारच्या दाबमापकाकडे लक्ष गेलं. तो आकडा चेकलिस्टमध्ये मागितलेला नव्हता. पण पहिल्या दिवसापासून मी तो समासात लिहीत आले होते, समोर दिसतोय तर लिहून ठेवू एवढ्याच विचाराने. मागच्या पानांवर सगळीकडे तो ०.३ बारच्या आसपास होता. आता काटा शून्याला टेकलेला.

धस्स झालं. नायट्रोजन लांब बारीक नळीतून कॅमेऱ्यापर्यंत ढकलला जातो तेव्हा मागे थोडा दाब साठायलाच हवा. प्रवाह आहे आणि दाब नाही, याचा अर्थ वायू वाहतोय, पण कॅमेऱ्याकडे जात नाहीये. मध्येच कुठंतरी बाहेर सांडतोय.

मी मॅडमना उठवलं. त्या दहा मिनिटांत आल्या, काटा बघितला, माझी वही मागून घेतली, तीन पानं मागे उलटली आणि म्हणाल्या, “चल, टॉवरच्या बाजूने सुरुवात करू.” रॉकेटच्या बाजूच्या मास्टवर, जिथं जमिनीची नळी रॉकेटच्या नळीला मिळते, तिथली झटपट जोडणी अर्धीच बसली होती. बाहेरून बघितलं तर बसल्यासारखीच दिसत होती. मॅडमनी हातमोजा घातलेली तर्जनी कडेवरून फिरवली आणि मला तसंच करायला सांगितलं. बोटाला एका बाजूला एक बारीक कड लागत होती, नखाच्या जाडीएवढी. तिथून थंड, कोरडी झुळूक येत होती. प्रक्षेपण केंद्राच्या तंत्रज्ञाला बोलावलं, त्याने कॉलर मागे ओढून जोडणी पुन्हा दाबली. ‘टक’ असा आवाज आला, आणि खाली पॅनेलपाशी उभ्या असलेल्या सहकाऱ्याने फोनवर सांगितलं, “०.३१.”

चार तास गेले होते. एकूण ६ तास २० मिनिटं. शिल्लक १ तास ४० मिनिटं, आणि त्यातली ५० रॉकेट पुन्हा पॅडवर नेताना लागणारच होती.

जोडणी कुणी बसवली हा प्रश्न दुसऱ्या दिवशी निघाला. मॅडमनी तो फार लांबू दिला नाही. मला स्वतःला त्याहून जास्त लागलं ते माझ्या सहीचं. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. जे विचारलं होतं ते तपासलं होतं. पण ती ओळ कशासाठी लिहिली आहे, नायट्रोजन कॅमेऱ्यापर्यंत पोचतोय का हे कळण्यासाठी, याचा विचार सही करताना मी केला नव्हता. आमच्या क्षेत्रात सगळ्यांना सांगितली जाणारी एक घटना आहे. ६ सप्टेंबर २००३ ला अमेरिकेत ‘नोआ-१९’ हा हवामान उपग्रह कारखान्यात आडवा करताना गाडीवरून जमिनीवर कोसळला. त्याला गाडीशी धरून ठेवणारे २४ बोल्ट आधीच कुणीतरी काढून नेले होते, त्याची नोंद नव्हती, आणि त्या दिवशी काम करणाऱ्यांनी बोल्ट प्रत्यक्ष न बघता कागद पुढे सरकवला होता. तो उपग्रह दुरुस्त होऊन उडायला २००९ चा फेब्रुवारी उजाडला. ही गोष्ट मी प्रशिक्षणात ऐकली होती, परीक्षेत लिहिलीही होती. त्या रात्री मास्टवर उभी असताना ती मला पहिल्यांदा समजली. सकाळी आम्ही चेकलिस्टमध्ये दाबाची ओळ घातली. ती आजही आहे.

चार्जिंगचा दिवस २१ वा, मर्यादेचा शेवटचा. कवचावरचं दार साधारण जेवणाच्या ताटापेक्षा थोडं मोठं. दारासमोरच्या प्लॅटफॉर्मवर पारदर्शक प्लास्टिकचा छोटा तंबू उभारला होता, आत गाळलेली हवा सोडलेली, म्हणजे इमारतीतली धूळ आत जाऊ नये. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा वेश, तोंडावर मास्क, हातात दुहेरी मोजे, मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा. हा पट्टा फार महत्त्वाचा. स्थिर विजेचा झटका माणसाला जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. काही इलेक्ट्रॉनिक भाग मात्र १०० व्होल्टच्या आतच कायमचे बिघडतात. म्हणजे आपल्याला कळायच्या कितीतरी आधी नुकसान होऊन गेलेलं असतं. याचमुळे कवचात सोडलेली हवा फार कोरडीही ठेवत नाहीत. हवा जितकी कोरडी तितकी स्थिर वीज जास्त. नळीच्या आत कोरडं हवं आणि बाहेर मध्यम दमट हवं, अशी दोन्हींची मर्जी सांभाळायची.

तंबूत आम्ही तिघं होतो. एक पायरी वाचतो, एक करतो, एक बघतो. करणारी मी होते. आत नेलेल्या वस्तू मोजल्या: सात. प्रत्येकीला दोरी, दोरीचं दुसरं टोक माझ्या मनगटाला किंवा प्लॅटफॉर्मला. आत एखादा स्क्रू जरी पडला तरी तो शोधण्यासाठी अख्खं कवच उतरवावं लागतं, आणि उड्डाणाच्या हादऱ्यांत तो कुठं जाऊन बसेल हे कुणी सांगू शकत नाही.

दार निघालं आणि आत टॉर्चचा उजेड पडला. २० दिवसांनी मी आमचा उपग्रह बघत होते. सोनेरी वेष्टनावर माझ्याच हाताने चिकटवलेली पट्टी दिसली, तिचा कोपरा जसा दाबला होता तसाच होता. मला एकदम भरून आलं, आणि पायरी वाचणाऱ्याने तीन नंबर दुसऱ्यांदा वाचला तेव्हा कुठं माझं लक्ष आलं.

कनेक्टरवर एक मधला जोड बसवलेला असतो, ‘सेव्हर’. तारा सारख्या लावायच्या-काढायच्या त्या सेव्हरला, म्हणजे उपग्रहाच्या मूळ कनेक्टरच्या पिना झिजत नाहीत. प्रत्येक जोडणीची वहीत नोंद होते. ही सेव्हरवरची १४ वी होती. हात खांद्यापर्यंत आत, मान वाकडी, डोळ्यांना कनेक्टरचा अर्धाच भाग दिसतोय. आधी खाच जुळवायची, मग सरळ रेषेत पुढे ढकलायचं, मग रिंग फिरवायची. जराही जोर लागतोय असं वाटलं की थांबायचं, मागे घ्यायचं, पुन्हा बघायचं. तिसऱ्या प्रयत्नात बसला. मोजलेला व्होल्टेज ३०.१. आमचा अंदाज ३०.२ होता. बघणाऱ्या सहकाऱ्याने आकडा मोठ्याने पुन्हा म्हटला आणि मास्कच्या आत माझा अडवून धरलेला श्वास सुटला.

चार्जिंग मुद्दाम संथ करतात, बंद कवचात बॅटरी तापू नये म्हणून. पाच तास लागले. त्या पाच तासांत माझ्या डोक्यात एक कल्पना घर करून बसली. एवढं दार उघडलंच आहे, तर कॅमेरा सुरू करून एक चाचणी फोटो काढून बघू. त्या चार तासांच्या खंडानंतर तर मला ते फारच गरजेचं वाटत होतं. मी मॅडमना विचारलं.

“तुला कशाची शंका आहे?”

“तशी नाही, मॅडम. पण खात्री होईल.”

“फोटो काळा येणार. झाकण बंद आहे. त्या काळ्या फोटोतून फोकस कळेल?”

“नाही.”

“ओलावा कळेल?”

“नाही.”

“मग त्यासाठी दुसरा कनेक्टर उघडायचा, वीज द्यायची, पुन्हा सगळं बंद करून तपासायचं. तू उत्तर शोधत नाहीयेस, तुला हात लावायचाय. मलाही लावावासा वाटतोय.”

आम्ही फोटो काढला नाही. त्यावर मी तेव्हा मनातून नाराज होते. आता मला त्यांचं पूर्ण पटतं. विलंबात माणूस दोन तऱ्हांनी चुकतो. एक म्हणजे काही होत नाहीये असं समजून पाठ फिरवणं, जसं माझं दाबाच्या बाबतीत जवळजवळ झालंच होतं. दुसरं म्हणजे हातावर हात ठेवून बसवत नाही म्हणून उगाच उघडणं, फिरवणं, हलवणं. दुसरी चूक जास्त फसवी, कारण ती करताना आपण काळजी घेतोय असंच वाटत असतं.

‘गॅलिलिओ’चं उदाहरण इथं सांगावंसंच वाटतं. गुरूकडे जाणारं हे यान मे १९८६ मध्ये स्पेस शटलमधून निघायचं होतं. २८ जानेवारी १९८६ ला ‘चॅलेंजर’ची दुर्घटना झाली, सगळी उड्डाणं थांबली, आणि यान निघालं १८ ऑक्टोबर १९८९ ला. मधल्या काळात ते ट्रकने फ्लोरिडातून परत कॅलिफोर्नियाला गेलं आणि पुन्हा फ्लोरिडाला आलं. त्याचा ४.८ मीटरचा मुख्य अँटेना छत्रीसारखा मिटलेला होता. एप्रिल १९९१ मध्ये अवकाशात तो उघडायची आज्ञा दिली, तर काही काड्या अडकून बसल्या आणि छत्री कधीच पूर्ण उघडली नाही. चौकशीत सगळ्यात संभाव्य कारण ठरलं ते हे की ट्रकच्या त्या प्रवासांतल्या हादऱ्यांनी पिनांवरचं कोरडं वंगण घासून गेलं. यानाने पुढे लहान अँटेनावर, माहिती दाबून दाबून पाठवत, गुरूचं फार मोलाचं काम केलं. पण ते वंगण अवकाशात उतरलं नव्हतं. ते जमिनीवर, वाट बघताना उतरलं होतं. आणि १९९७ च्या सप्टेंबरमध्ये शनीकडे जाणाऱ्या ‘कॅसिनी’वरच्या ‘हायगेन्स’ या छोट्या यानाला पॅडवर थंड ठेवण्यासाठी सोडलेल्या हवेचाच जोर जास्त झाला आणि त्याच्या आतलं उष्णतारोधक आवरण फाटलं. यान पॅडवरून उतरवून दुरुस्त करावं लागलं. सांभाळण्यासाठी केलेली गोष्टच लागली.

पाच तासांनी व्होल्टेज पाहिजे तिथं आला. तार काढली, सेव्हर तपासला, वस्तू मोजल्या: सात. दार लागलं.

उरलेल्या दिवसांत मोठं असं काही घडलं नाही, आणि तरी रोज काहीतरी होतंच. विलंब वाढला की कागदांच्या मुदती संपायला लागतात, हे मला आधी माहीत नव्हतं. शेवटच्या दारासाठी लागणाऱ्या टॉर्क रेंचच्या, म्हणजे स्क्रू ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याच्या, अचूकता-तपासणीची (कॅलिब्रेशनची) तारीख नव्या उड्डाणाच्या चार दिवस आधी संपत होती. रेंच तोच, स्क्रू तेच, पण त्या तारखेनंतर त्याने आवळलेला एकही स्क्रू ग्राह्य धरला गेला नसता. दुसरा रेंच मागवला. चिकटपट्टीचा एक रोल मुदतबाह्य झाला, तो बाजूला काढला. मॅडमनी पाचपैकी दोघांना आठवडाभर घरी झोपायला पाठवलं आणि त्यांनी नको म्हटल्यावर आवाज चढवला. दमलेल्या माणसाच्या हातात कनेक्टर द्यायचा नाही, हे त्यांचं ठाम मत होतं.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी पॅडवरच्या दारातून शेवटची कामं झाली. लाल फितीच्या ज्या वस्तू उड्डाणापूर्वी काढायच्या असतात त्या आमच्या एकूण ११. आठ आधीच निघालेल्या, तीन शेवटच्या: दोन सूर्य-सेन्सरांवरची झाकणं आणि तारे बघणाऱ्या कॅमेऱ्याची टोपी. ‘होल्ड’नंतर रॉकेट परत न्यायचं ठरलं तेव्हा या तिन्ही आम्ही पुन्हा चढवल्या होत्या. ११ फिती पिशवीत टाकून मोजल्या, पिशवीला सील केलं, उड्डाणापूर्वी बसवायचा असतो तो हिरव्या फितीचा प्लग बसवला आणि दार लावलं.

त्यानंतर वाऱ्याने अडवलं. जमिनीवर पानही हलत नव्हतं. पण फुग्याने वर पाठवलेली उपकरणं सांगत होती की वर काही किलोमीटरवर वाऱ्याचा वेग आणि दिशा झपाट्याने बदलतेय. रॉकेट त्या थरातून जाताना त्याच्यावर पडणारा वाकवणारा भार मर्यादेबाहेर जात होता. दुसऱ्या दिवशी वारा पडला, तर ढग आले. वीज चमकत नसली तरी असे ढग चालत नाहीत, कारण रॉकेट आणि त्याच्यामागची तापलेल्या वायूंची लांब शेपटी मिळून विजेला स्वतःच वाट करून देतात. १४ नोव्हेंबर १९६९ ला ‘अपोलो १२’वर उड्डाणानंतर मिनिटाच्या आत दोनदा वीज पडली होती. त्यातले तिघं अंतराळवीर सुखरूप चंद्राकडे गेले, पण १९८७ मध्ये एक ‘अ‍ॅटलस-सेंटॉर’ रॉकेट याच कारणाने उपग्रहासकट गेला.

या दोन दिवसांच्या विलंबात लाल झाकणं परत चढवायची का, यावर चर्चा झाली. आम्ही नाही म्हटलं. दार उघडण्यातला धोका एका दिवसाच्या धुळीपेक्षा मोठा होता. कवचात गाळलेली हवा चालू होती, नायट्रोजन चालू होता, दाब ०.३. आमच्या कक्षेला रोज त्याच ठरावीक वेळी काही मिनिटांची संधी मिळते, त्यामुळे एक दिवस गेला तर दुसरा होता. मंगळाकडे जाणाऱ्यांना ही सवलत नसते. ‘इनसाइट’च्या भूकंपमापकाच्या निर्वात कवचाला गळती सापडली म्हणून मार्च २०१६ चं उड्डाण चुकलं, आणि ग्रहांची जागा पुन्हा जुळेपर्यंत ५ मे २०१८ आला. त्या टीमने ती दोन वर्षं यंत्र कसं राखलं असेल याचा विचार माझ्या मनात त्या दोन रात्री सारखा येत होता.

तेविसाव्या दिवशी घड्याळ ४१ मिनिटांवर आलं तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाने त्याकडे पाहिलं. ते ४० झालं. मग ३९. शेवटच्या मिनिटाला मी प्रवाहाचा आणि दाबाचा आकडा लिहिला. नंतर नळी तुटून पडायची असते, ती पडली, पॅनेलवरचा काटा शून्यावर आला, आणि या वेळी तो शून्य बरोबर होता. काचा थरथरल्या. आवाज आमच्यापर्यंत पोचेस्तोवर रॉकेट टॉवरच्या वर गेलं होतं.

पहिल्या फेरीत उपग्रहाचा संदेश आला. बॅटरी ३२.३ व्होल्ट. कॅमेऱ्याचं झाकण मात्र लगेच उघडत नाहीत. वेष्टनं, चिकटवलेले जोड, नळी, सगळ्यांतून वायू आणि ओलावा निघून जायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर तोच जाऊन थंड आरशावर आणि डिटेक्टरवर बसतो. आम्ही पाच आठवडे थांबलो. मग झाकण उघडलं, आणि फोकस थोडा थोडा सरकवत एकाच किनाऱ्याचे फोटो काढले. सगळ्यात तीक्ष्ण फोटो जिथं आला ती जागा आणि आमच्या गणितातली जागा यांत ७ मायक्रॉनांचं अंतर होतं. आम्हाला २० पर्यंत चालणार होतं.

मॅडमनी माझी वही मागितली. मास्टवरच्या रात्रीचं पान काढलं, समासातल्या त्या शून्याखाली पेनने ‘७ मायक्रॉन’ लिहिलं, तारीख टाकली आणि सहीसाठी वही माझ्यापुढे सरकवली. मी आधी फोटोचा आकडा पडद्यावर पुन्हा एकदा वाचला, मग सही केली.